खणीवरच्या राघूंची नजर

१

रात्रपाळी सुटली की बसवेश हुक्केरी सरळ घरी जात नसे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तो भट्टीवर सुपरवायझर होता. गेटबाहेरच्या टपरीवर चहा घ्यायचा, हेल्मेट चढवायचं, आणि बाकीचे कामगार झोपेच्या ओढीनं घराकडं पळत असताना हा गाडी गडमुडशिंगीच्या बाजूला वळवायचा. गावाच्या अलीकडं माळावर एक जुनी दगडाची खण होती. दगड काढणं कधीच बंद पडलेलं, खोलगटात पाणी साचलेलं, काठानं बाभळी माजलेल्या. तिथं बसून तो पाखरं बघायचा.

तेवढा वेळ त्याचा स्वतःचा. बाकीचा दिवस भट्टीचा, नाहीतर घरचा. शिवाजी पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात त्याची आई गौराबाई दिवाळीपासून अंथरुणाला खिळली होती. अर्धांगवायूनं उजवं अंग गेलं, वाचा गेली. बायको, सौंदर्या, ब्लाउज शिवता शिवता तिचं सगळं करायची. बसवेश घरी असला की भरवायचं काम त्याचं. कुणाची तक्रार नव्हती, पण बसवेश दमला होता. झोपलं की उतरतो तसला तो शीण नव्हता, हाडात मुरला होता. गाडी चालवताना कधी कधी त्याला वाटायचं, कुठंतरी बाजूला घ्यावी आणि बसून राहावं. नुसतं बसून.

खणीवर आलं की मात्र डोळे आपोआप उघडायचे. फाल्गुन लागला होता. पळस पेटल्यासारखा फुललेला, त्यावर मैनांचा दंगा. तांबट कुठंतरी लपून एकसुरी ठोके देत होता. आणि विजेच्या तारेवर वेडे राघू. चिमणीएवढं हिरवंगार पाखरू, शेपटीतून काडीसारखं एक पीस लांब निघालेलं. तारेवरून सूर मारायचा, उडती माशी हवेतल्या हवेत टिपायची आणि परत त्याच जागी येऊन बसायचं, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. बसवेशला त्यांचा कधी कंटाळा आला नव्हता.

त्या सकाळी ते ओळीनं बसले होते आणि एकही उडत नव्हता.

सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, खणीपल्याड, पूर्वेला. बसवेशनं दुर्बीण लावली. वारा पश्चिमेचा होता. पाखरू वाऱ्याकडं तोंड करून बसतं, नाहीतर पिसं उलटी होतात, गार वारा आत शिरतो. ह्यांची पिसं पाठीमागून विस्कटत होती, तरी एकानंही तोंड फिरवलं नाही. एक मधमाशी गुणगुणत एकाच्या चोचीपुढून गेली. त्यानं मानसुद्धा हलवली नाही.

"ऊन खात बसली असतील," बसवेश स्वतःशीच म्हणाला. सूर्य पूर्वेलाच होता. कारण पटण्यासारखं होतं, म्हणून त्यानं ते पटवून घेतलं.

२

पाळी बदलली तसा तो एकदा संध्याकाळी खणीवर गेला. सूर्य आता मागं, पश्चिमेला. राघू तारेवरच होते आणि पूर्वेलाच बघत होते.

मग त्याला बाकीचं दिसायला लागलं. पाण्यातल्या लव्हाळ्यांच्या शेंड्यांवर चतुर बसले होते, लाल, पिवळे, पंख पसरून. सगळ्यांची डोकी तिकडंच. दगडावरचा खंड्या, समोर मासळी उड्या मारत असताना तिकडंच. टिटवी माणूस दिसला की आभाळ डोक्यावर घेते, ती मुकाट उभी, मान उंचावून तिकडंच. सगळा जन्म फौंड्रीतले साचे एका रेषेत आहेत का ते बघण्यात गेलेला माणूस तो. नजरेनंच त्यानं रेषा ओढल्या. त्या सगळ्या पल्याडच्या काठावर दोन बाभळींच्या मधल्या मोकळ्या जागेत येऊन मिळत होत्या. तिथं काही नव्हतं. वाळकं गवत आणि त्यावर थरथरणारी हवा.

तारेखाली त्याला एक राघू मेलेला सापडला. हातात घेतला तर कापसासारखा हलका. छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलेलं. जखम नाही, रोग दिसत नाही. पोटात काहीच नव्हतं एवढंच. माश्यांनी भरलेल्या माळावर पाखरू उपाशी मेलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात रात्रपाळी करून आला तेव्हा तो खणीला वळसा घालून पल्याड गेला. साप असेल, मुंगसाचं बीळ असेल, कुणी फासे लावले असतील, काहीतरी दिसेलच, अशा हिशेबानं. बाभळींच्या मध्ये जाऊन उभा राहिला. काहीच नव्हतं. फक्त तांबटाचा आवाज इथवर पोचत नव्हता. वाराही पोचत नव्हता. गुडघे आपोआप वाकले आणि तो गवतात बसला. बसल्या बसल्या डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. चैत्रातलं ऊन तापलेल्या तव्यासारखं असतं, पण त्याचं तोंड भाजलं नव्हतं. कपाळ गार होतं. त्यानं वर बघितलं. बाभळीची फांदी त्याच्या डोक्यावर येत नव्हती. मग इतका वेळ सावली कशाची होती?

तो घाईनं उठला आणि कपडे झाडले. पल्याडच्या तारेवरचे राघू त्याच्याकडंच बघत होते. पाखरं माणसाकडं बघतातच, त्यात काय, असं म्हणत तो गाडीकडं चालू लागला. तारेवरच्या माना त्याच्याबरोबर सावकाश वळत गेल्या.

३

पाखरं नेमकी कुठं बघतात हे कळायला त्याला बरेच दिवस लागले. त्याच्याकडं नाही. त्याच्या उजव्या खांद्याच्या मागं आणि जरासं वर. त्याच्यापेक्षा उंच कुणी पाठीशी उभं असावं, तिथं.

एमआयडीसीत टपरीपुढं चिमण्या सांडलेले पोहे टिपत असायच्या. तो आला की थांबायच्या आणि माना वर करायच्या. रंकाळ्यावर गेला तर बगळा मासा चोचीत धरून तसाच राहिला. बसवेशनं मागं वळून बघणं सोडून दिलं. दरवेळी मागं काही नसायचंच, आणि नसलेलं बघितल्यावर मान जास्त जड व्हायची.

हे सगळं झोपेचं आहे, असं त्यानं ठरवलं. दमलेल्या माणसाला काहीही दिसतं. दुसऱ्या कुणीतरी बघितलं की खरंखोटं होईल, म्हणून त्यानं धैर्यशीलला बोलावलं. धैर्यशील फोटोवाला. लग्नाचे फोटो काढायचा आणि सुट्टीला पाखरांचे. दोघं कितीतरी वर्षं बरोबर फिरलेले.

"काय वो दादा, वजन उतारलंय तुमचं," खणीवर भेटल्या भेटल्या धैर्यशील म्हणाला. "डॉक्टरला दावलासा का न्हाय?"

"दावतो. तू आदी ह्या राघूंचा फोटो काड. त्येंची तोंडं कुटं हाईत बग."

"तुमच्याकडं की. लाईन मारत्यात तुमच्यावर." धैर्यशील हसला. त्यानं कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं, मोठी लेन्स चढवली. बसवेश तारेखाली उभा होता. धैर्यशीलनं डोळा लावला आणि लेन्स फिरवत म्हणाला, "जरा डावीकडं सरका. मधी येतासा."

बसवेश सरकला.

"आनी थोडं सरका की."

"सरकलो की रं."

"तुमी न्हवं वो." धैर्यशीलचा डोळा कॅमेऱ्यालाच होता. "तुमच्या मागच्यांस्नी सांगा."

बसवेश जागचा हलला नाही. माळावर आवाज म्हणून नव्हता. धैर्यशीलनं सावकाश डोळा काढला आणि नुसत्या नजरेनं बघितलं. बसवेशकडं, मग त्याच्या मागं, मग परत बसवेशकडं. पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावायला तो वाकला आणि मध्येच थांबला. झाकण बसवलं, तिकाटणं आवळलं.

"काय दिसलं?"

"काय न्हाय. काय न्हाय दादा. ऊन लई झालंय."

"धैर्यशील, खरं सांग. कोन हुतं?"

"उबं हुतं," तो म्हणाला. "नुसतं उबं हुतं. लई येळ उबं असल्यागत." आणि गाडीला किक मारून गेला.

संध्याकाळी बसवेशनं फोन केला. बराच वेळ वाजल्यावर धैर्यशीलनं उचलला. "रागवू नकासा दादा," तो म्हणाला, "पर थोडं दिवस माज्याकडं येऊ नका. मला दोन घास ग्वाड लागू द्यात."

४

घरच्या गॅलरीत वाळत घालायच्या तारेला शिंजिरानं घरटं टांगलं होतं. अंगठ्याएवढं पाखरू, नर उन्हात जांभळा चमकणारा. सौंदर्या त्या तारेवर कपडे घालत नव्हती. अंडी फुटून पिल्लं बाहेर आली होती. सकाळपासून मादीच्या खेपा चालायच्या आणि गौराबाईच्या खाटेवरून ते सगळं दिसायचं. तिच्या डाव्या डोळ्यात तेवढ्यापुरता ओलावा यायचा.

बसवेश घरात शिरला. सौंदर्यानं मशीन थांबवलं.

"आलासा? पेज गार करून ठेवलीया. अत्तींना भरवा, तवर मी एवढी बाही जोडून घेते."

तो वाटी घेऊन खाटेजवळ गेला. "अव्वा, जेवायचं न्हवं?"

गौराबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही. तिची नजर त्याच्या खांद्यावरून वर गेली आणि तिथं थांबली. मग तिनं डाव्या हातानं चादर ओढली. मोठ्या कष्टानं, दात आवळून, तिनं आपलं लुळं अंग भिंतीकडं सरकवलं. खाटेच्या पायथ्याशी जागा झाली. आणि दिवाळीपासून मिटलेलं ते तोंड उघडलं.

"कूड्री," ती म्हणाली.

बसा. कानडीत, आणि मानानं, पाहुण्याला म्हणतात तसं. पोराला तिनं जन्मात कधी असं म्हटलं नव्हतं.

सौंदर्या मशीनवरून धावत आली. "बोलल्या! अवो, अत्ती बोलल्या की!" तिच्या डोळ्यांना धार लागली. तिनं सासूचा हात गालाला लावला. बसवेश वाटी धरून उभा होता. पेजेचा चमचा त्यानं आईच्या ओठांना लावला. ओठ उघडले नाहीत. पेज हनुवटीवरून ओघळली. तिला ते कळलंही नाही, ती बघत होती.

गॅलरीत शिंजिराची मादी तारेवर बसून आत बघत होती. चोचीत किडा होता. पाठीमागं घरट्यात पिल्लं कोकलत होती.

५

पिल्लं दोन दिवसांनी गप्प झाली. सौंदर्यानं घरटं काढून कुंडीत पुरलं आणि सासूला दिसू नये म्हणून गॅलरीचा पडदा ओढला. पडदा ओढायची गरज नव्हती. गौराबाई आता गॅलरीकडं बघतच नव्हती.

"तुमच्यावर रुसल्यात काय?" सौंदर्यानं एका दुपारी विचारलं. "तुमी पाळीला गेलासा की वाटीभर पेज घेत्यात. माज्याकडं बगून हसत्यात पन. तुमी आलासा की तोंडच मिटत्यात."

ह्याचं उत्तर बसवेशला तिच्याआधी कळलं होतं. बघणाऱ्याला भूक राहत नाही. राघू, शिंजीर, आणि आता अव्वा.

तो घरी यायचं टाळू लागला. डबल पाळ्या मागून घेतल्या. कंपनीतल्या विश्रांतीच्या खोलीत बाकावर पाठ टेकायची आणि परत भट्टीवर जायचं. फोनवर एवढंच विचारायचं, "अव्वा जेवली?"

"जेवली. तुमी कवा येनार?"

"काम हाय."

"कसलं वो सारकं काम? मानसानं किती दमायचं?" सौंदर्याचा आवाज चढला. "घर म्हंजे काय लॉज हाय काय? न्हाय, न्हाय, लॉजवर तरी झोपायला येत्यात मानसं!"

तिला काय सांगणार? त्याचं त्यालाच धड सांगता येत नव्हतं. बाकावर डोळे मिटले की डोक्याशी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं. श्वास ऐकू यायचा नाही, पावलंही नाहीत. फक्त वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकल्यावर जमीन जशी किंचित कुरकुरते, तेवढंच. उभं राहून राहून अवघडलेलं माणूस तसंच करतं. भट्टीपुढं तो स्वतःही तसंच करायचा.

वैशाख निम्मा सरला तसं त्याच्यातलं त्राणच सरलं. सुट्टीच्या दिवशी मॅनेजरनं त्याला गेटवरून परत पाठवलं, "हुक्केरी, आरसा बघा एकदा," म्हणून. गाडी घराकडं न्यायची सोय नव्हती. ज्या जागेवरून हे बरोबर आलं, तिथंच ते सोडून यायचं, एवढा एकच उपाय त्याला सुचला.

६

खणीतलं पाणी पार तळाला गेलं होतं. पळसाची फुलं कधीच झडलेली. तारेवर राघू उरले होते, थोडेच. ते आता त्याच्याकडंच बघत होते, म्हणजे त्याच्या मागं.

कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात दुर्बीण, अशा अवतारात तो दोन बाभळींच्या मध्ये गेला आणि गवतात बसला. सकाळचं ऊन होतं. ह्या खेपेला झोपायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. ते आपलं जागेवर जाईल आणि मग आपण उठायचं. बराच वेळ काही झालं नाही. त्याच्या मानेवर ती गार सावली होती, तेवढी.

मग सावली सरकली. मानेवरून खांद्यावर, खांद्यावरून मांडीवर. राघूंच्या माना सावकाश फिरल्या. आता ते बसवेशच्या मागं बघत नव्हते, पुढं बघत होते. ते त्याच्यासमोर येऊन उभं होतं.

पळून जावंसं त्याला वाटलं, पण अंगात ताकद नव्हती. आणि खरं सांगायचं तर भीतीसुद्धा दमली होती. समोरचं गवत दोन ठिकाणी दबलेलं होतं, पावलांएवढं. एका ठिकाणचं जरासं वर आलं, दुसऱ्या ठिकाणचं अजून दबलं. मग उलट. वजन ह्या पायावरून त्या पायावर.

त्याला अव्वा आठवली. लुळं अंग ओढत तिनं केलेली ती जागा. एवढ्या दिवसांत तिनं एकटीनंच ह्या उभ्या पाहुण्याला बसा म्हटलं होतं.

"दमलासा व्हय?" बसवेश म्हणाला. "किती दिस झालं उबं हाईसा... बसा."

तांबट कुठंतरी ठोके देत होता, तो थांबला. समोरचं गवत हळूहळू, मोठ्या पसाऱ्यात, खाली गेलं. पोतं टेकवावं तसं. आणि एक लांब श्वास सुटला. तो त्याचा होता की समोरच्याचा, हे त्याला कळलं नाही. डोळ्यांपुढं क्षणभर पांढरं झालं.

डोळे निवळले तेव्हा तो उभा होता. उठल्याचं आठवत नव्हतं. माळ आवाजांनी भरून गेला होता. टिटवी बोंबलत होती, मैना भांडत होत्या, राघू तारेवरून सूर मारत होते, हवेत माश्या टिपत होते, परत जागेवर बसत होते. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. आणि त्याचं अंग हलकं होतं. कित्येक वर्षांत नव्हतं इतकं. गुडघे दुखत नव्हते, डोळे चुरचुरत नव्हते. हाडातला शीण कुणी उपसून काढावा तसा गेला होता.

तो खणीला वळसा घालून भराभर गाडीपाशी आला. सवयीनं दुर्बिणीला हात घातला, राघू एकदा जवळून बघावे म्हणून. गळ्यात दुर्बीण नव्हती.

त्यानं पल्याड बघितलं. दोन बाभळींच्या मध्ये गवतात कुणीतरी बसलं होतं. निळा शर्ट. मान खाली, हात मांडीवर टाकलेले, गळ्यात काळं काहीतरी लोंबतंय. उन्हात बसून राहिलेला दमलेला माणूस, एवढंच. कंपनीतलाच कुणीतरी असेल, असं त्याच्या मनात आलं. त्या माणसानं मान वर करायला सुरुवात केली तसा ह्यानं गाडीला किक मारली. परत जाऊन बघावं असं पायांना वाटलं नाही.

७

घरी पोचला तेव्हा सौंदर्या दारातच होती. रागानं काहीतरी बोलायच्या तयारीत होती, पण त्याचं तोंड बघून थांबली.

"बरं दिसतंय की आज तुमाला," ती म्हणाली. "झोप झाली वाटतं." तिनं त्याच्या हातात वाटी दिली आणि आत पाणी तापवायला गेली.

तो खाटेजवळ गेला. पडदा उघडा होता, ऊन आत आलेलं. गौराबाईनं त्याच्याकडं बघितलं. खांद्यावरून वर नाही, मागं नाही. सरळ त्याच्या तोंडाकडं. त्याला हायसं वाटलं. त्यानं चमचा पुढं केला. तिनं तोंड उघडलं. सावकाश, एकेक घोट गिळत, तिनं सगळी पेज संपवली. शेवटचा चमचा झाल्यावर त्यानं तिच्याच पदरानं तिचं तोंड पुसलं. काम सरावाचं असावं तसं हातानं ते केलं.

गौराबाई अजून त्याच्याकडं बघत होती. नजरेत माया नव्हती, रागही नव्हता. परक्या माणसानं आपलं काही केलं की जसं अवघडायला होतं, तसं होतं. तिचे ओठ हलले. आवाज बारीक होता, तुटका होता, पण शब्द स्पष्ट होते.

"लई उपकार झालं वो, पावणं," ती म्हणाली. "आमचा बसू कुटं दिसला तर तेवढा घरला लावून द्या. लई दमतंय वो प्वार."